शेवटच्या दाराचा मजकूर

नेरच्या बसस्थानकासमोर, खताचे दुकान आणि चष्म्याचे दुकान यांच्यामध्ये, बबनराव गावंडे यांचा छापखाना आहे. तेथे चोवीस वर्षांपूर्वी अक्षरजुळणीच्या कामाला लागलेल्या अंजू वानखडे हिला पहिल्याच दिवशी एक नियम सांगण्यात आला होता. पानाचे डोके उघडे ठेवायचे नाही. लग्नपत्रिका असो, तेरवीचे पत्र असो की कृषी केंद्राचे पावतीपुस्तक, पहिल्या ओळीत काही मंगल लिहिल्याशिवाय दुसरी ओळ जुळवायची नाही. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, ज्या घरची असेल त्याप्रमाणे ती ओळ बदले. पार्टीने काहीच सांगितले नसेल, तर जुळवणाऱ्याने आपल्या श्रद्धेचे लिहावे, अशी तेथील रीत. अशा वेळी अंजू ‘नमो बुद्धाय’ लिही.

ही रीत तिच्या बोटांत इतकी मुरली होती की कोरी फाईल उघडताच ते दोन शब्द उमटत आणि आपण ते लिहिले हे तिला कळतही नसे. पुढे जे घडले त्यात या दोन शब्दांचा वाटा मोठा आहे.

हजारो पत्रिका जुळवणाऱ्या बाईचे स्वतःचे काही जुळले नाही, हे वाक्य नेरमध्ये इतक्यांनी इतक्यांदा म्हटले होते की त्याचा डंख केव्हाच बोथट झाला होता. आईवडील गेल्यानंतर घरात ती आणि तिच्याहून पाच वर्षांनी लहान भाऊ प्रफुल्ल, एवढीच माणसे उरली. प्रफुल्ल दहावीत इंग्रजीत तीनदा नापास झाला. मग त्याने बसस्थानकामागे व्हिडिओ गेमचे पार्लर टाकले. चार टीव्ही, चार मशीन आणि नागपूरहून आणलेल्या नकली सीडींचा एक डबा. गावातली मुले मारामारीचे आणि गाड्यांचे खेळ खेळत. डब्यात एक खेळ असा होता की त्याला कोणी हात लावत नसे. त्यात माणसे सारखी बोलत आणि ते बोलणे पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत उमटे. मुलांनी त्याला नाव ठेवले होते, पढाईवाला गेम.

पार्लर रिकामे असले की प्रफुल्ल तो खेळे. त्यात एक तरुण आणि एक मुलगी आटलेल्या नदीच्या पात्रातून वरवर चालत जातात. वाटेत गावे लागतात, गावातली माणसे काही सांगतात, लढाया होतात. लढाईत घाई नसते. आपण काय करायचे ते ठरवेपर्यंत समोरचा राक्षस थांबून राहतो. नदीच्या उगमाशी एक बुरूज आहे आणि बुरुजाच्या शेवटच्या दारावर एक म्हातारी बसलेली आहे. ती तीन प्रश्न विचारते. एक उत्तर चुकले तरी ती दोघांना बुरुजाच्या पायथ्याशी फेकून देते. प्रश्न वाटेत ऐकलेल्या गोष्टींवरचे होते. प्रफुल्लने त्या गोष्टी ऐकल्या नव्हत्या, नुसत्या पाहिल्या होत्या. त्याने अंदाजाने उत्तरे दिली आणि पाच वर्षांत कितीदा तरी पायथ्याशी येऊन पडला. मोबाईल आले, पार्लर बंद झाले. तीन मशीन भंगारात गेली. चौथे त्याने ठेवून घेतले आणि पुढे नळफिटिंगचे काम धरले.

मागच्या दिवाळीत त्याच्या उजव्या हातातून पाना निसटू लागला. होळीपर्यंत तो हात खांद्यापासून लोंबू लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितले की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. मरणे थांबणार नाही. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास, असा क्रम साधारण असतो. डोके मात्र अखेरपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचे वाक्य डॉक्टरांनी दिलासा म्हणून उच्चारले असावे. बाहेर आल्यावर बाकावर बसून प्रफुल्ल म्हणाला, “म्हंजे सारं पायत राहा लागंन मले.”

घरी एकट्याला ठेवता येईना, म्हणून अंजू त्याला रोज छापखान्यात आणू लागली. कागद कापण्याच्या यंत्रामागे त्याची खुर्ची असे. बबनरावांनी हरकत घेतली नाही. त्यांची हरकत घेण्याची पद्धतच वेगळी होती. “परफुल, तू आलास थे बरं झालं,” ते म्हणत. “छापखान्यात एक तरी मानूस बसून खानारा पाह्यजे. आतापावतर तो मान माह्याकडं होता.”

आषाढात लग्ने थांबली आणि दुपारचे दोन ते चार हे तास मोकळे पडू लागले. एका दुपारी अंजूने भावाला विचारले की तुला काही करावेसे वाटते का, कुठे जावेसे वाटते का. त्याची जीभ तेव्हा जड झाली होती, तरी बोलणे कळत होते.

“थ्या बुढीचे प्रश्न वाचाचे आहेत मले.”

“कोन्त्या बुढीचे?”

“पढाईवाल्यातली. शेवटच्या दारावरची.”

प्रश्न एवढेच असते तर सोपे होते. मशीन छापखान्यात आणले, टीव्ही जोडला, आणि अंजूने पडद्यासमोर मोबाईल धरून भाषांतर करून पाहिले. गावचा पाटील तरुणाला म्हणाला, ‘मी तुमचे कौतुक उचलतो, कृपया माझे कुत्रे व्हा.’ बबनराव हसता हसता खोकू लागले. प्रफुल्लही हसला, आणि मग त्याने डोके हलवले.

“मी वाचून देतो न,” अंजू म्हणाली. “डिक्शनरी घेऊन बसतो. तू खेळ, मी सांगतो.”

“कोनी सांगून पार केलं तं माह्यं काय? मले सोताले वाचाचं आहे, ताई. मराठीत. पयल्यापासून.”

त्याचा डावा अंगठा अजून चालत होता. खेळाचा रिमोट उतरत्या लाकडी फळीवर बसवला, तर तो अंगठा दिशाही दाबू शके आणि सरकून पलीकडचे बटणही. किती महिने, ते कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून काम असे ठरले: तो अंगठा जाण्याच्या आत सगळा खेळ मराठीत आणायचा.

अशा कामाला लागणारी अवजारे परदेशातल्या कोण्या हौशी मंडळींनी करून फुकट ठेवलेली असतात, हे अंजूला आठवडाभराच्या शोधानंतर कळले. सीडी म्हणजे एक बंद पेटी. त्या अवजाराने ती उघडली की आत शेकडो फाईली निघतात. चित्रांच्या, आवाजाच्या, गावांच्या, बोलण्याच्या. हवी ती फाईल बाहेर काढायची, बदलायची, परत तिच्याच जागी बसवायची आणि नवी सीडी ‘जाळायची’, म्हणजे कोऱ्या सीडीवर सगळे उतरवायचे. जुनी फाईल मोठी आणि नवी लहान असली तर चालते. नवी एका अक्षरानेही मोठी झाली, तर ती शेजारच्या फाईलीवर चढते आणि खेळ कुठेतरी मरतो.

अक्षरांच्या फाईलीपाशी ती अडली. तेथे दोनशे चोवीस घरे होती आणि एका घरात एक इंग्रजी अक्षर. मराठीची बाराखडीच तेवढ्यात मावत नाही. मात्र अंजू ज्या काळात शिकली, त्या काळात संगणकावरचे मराठी असेच तुकड्यांचे होते. अर्धे अक्षर एका घरात, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. बोटांनी ते तुकडे जोडायचे. नव्या पिढीला ही विद्या ठाऊक नाही आणि तिची गरजही उरलेली नाही. खेळात प्रत्येक अक्षराच्या रुंदीचा एक तक्ता होता. मात्रेच्या घराची रुंदी शून्य लिहिली, तर मात्रा उमटते आणि पुढचे अक्षर त्याच जागेवर तिच्याखाली येऊन बसते. हे सापडायला तिला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी पडद्यावर पाटलाने तोंड उघडले आणि खाली उमटले, ‘या. नदी कुठे गेली ते विचारायला आलात ना?’

प्रफुल्लने ते वाचले. पुन्हा वाचले. मग जड जिभेने म्हणाला, “पाटील असा बोलते का? हा तं मास्तर वाटून राह्यला.”

“मंग कसा बोलते?”

“‘या, बसा. नदी कोठी गेली थेच इचाराले आले असान.’ असा.”

“खरं आहे त्याचं,” बबनराव म्हणाले. “आपल्याकडचा पाटील पयले बसवते. मंग बाकी.”

छापखान्यात प्रूफ पार्टीला दाखवल्याशिवाय काही छापत नाहीत. येथे पार्टी प्रफुल्ल होता. अंजू एका गावाचे बोलणे इंग्रजीतून मराठीत आणी, कागदावर काढून त्याच्यापुढे धरी, तो सुधारणा सांगे, आणि मग ते गाव सीडीवर चढे आणि तो ते खेळे. फोटो-अल्बमची कामे घेत त्या काळातल्या कोऱ्या सीडींची चवड कपाटात पडून होती. एकतीस होत्या. अक्षरे जुळेपर्यंत बारा गेल्या, पुढे प्रत्येक गावाला एक, कधी दोन. श्रावणात तीन गावे झाली, भाद्रपदात पाच. पाटील, कोष्टी, नावाडी वऱ्हाडीत बोलू लागले. एका गोष्टीवर मात्र भावाबहिणीचे एकमत झाले नाही. प्रफुल्लने वीस वर्षे धरून चालले होते की ती मुलगी त्या तरुणाची बहीण आहे. इंग्रजी मजकुरात तसे कोठेही नव्हते. ती वाट दाखवायला नेमलेली कोणी होती.

“थे बहीनच आहे,” तो म्हणाला.

“लिहिलं नाही तसं.”

“मंग कायले फिरून राह्यली त्याच्यासंगं?”

अंजूने बबनरावांकडे पाहिले. ते शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, हाताने जुळवायच्या काळापासूनचे कंपोझिटर. त्यांनी चष्मा पुसला. “मजकूर लेखकाचा असते, बाई. आपले फक्त खिळे. त्यात नाई थे टाकाचं नाई. पन आहे थे तोडाचंबी नाई.”

अंजूच्या मराठीत मुलगी तरुणाला ‘तू’ म्हणे. ते तसेच राहिले, आणि ज्याला जे वाटायचे ते वाटण्याची मुभाही राहिली.

शेवटच्या खोलीची फाईल अंजूने आश्विनाच्या सुरुवातीला उघडली. म्हातारीच्या तीन प्रश्नांनंतर काय होते, हे तिला तेव्हा प्रथमच कळले. दार उघडते. आत नदीचा बांध आहे. बांधाचे चाक तरुणाने धरून ठेवले तरच पाणी सुटते, आणि सोडले तर बंद होते. म्हणजे त्याने तेथेच राहायचे. पाण्याबरोबर खाली परतायचे ते एकट्या मुलीने. ती विचारते, ‘मी जाऊ?’ खेळणाऱ्यापुढे दोन उत्तरे येतात, ‘जा’ आणि ‘थांब’. ‘जा’ म्हटले की पाणी सुटते, गावे भिजतात, खेळ संपतो. ‘थांब’ म्हटले तर ती म्हणते, ‘तू असेच म्हणशील, वाटलेच होते,’ आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते. कितीही वेळा म्हटले तरी पुन्हा तोच.

तिने ते अनेकदा वाचले. त्या अवजाराने ‘थांब’ची दोरी सोडवून शेवटाला बांधता आली असती. मग दोघे थांबले असते, पाणीही सुटले असते आणि खेळही संपला असता. काम एका दुपारचे होते. तिने ते केले नाही. या फाईलीचे प्रूफ मात्र तिने भावाला दाखवले नाही. चोवीस वर्षांत पार्टीला न दाखवता छापलेला तिचा हा एकच मजकूर. फाईलीच्या पहिल्या ओळीत, इतर सर्व फाईलींप्रमाणे, तिच्या बोटांनी ‘नमो बुद्धाय’ लिहिले होते.

तोवर प्रफुल्लची वाचा गेली होती. जेवण पातळ करून चमच्याने द्यावे लागे आणि त्यालाही ठसका लागे. अंगठा दिवसाला वीस मिनिटे चाले, मग थरथरू लागे. आणि बुरुजात खेळाची नोंद ठेवण्याची सोय नव्हती. पायथ्याशी शेवटची नोंद, मग दारापर्यंत सलग तीन तास. वीस मिनिटांच्या हिशेबाने नऊ दिवस. याला एकच उपाय होता. मशीन बंद करायचे नाही.

नऊ दिवस ते मशीन चालू राहिले. प्रफुल्लचा अंगठा थकला की खेळ थांबवून ठेवायचा, टीव्ही तेवढा बंद करायचा, तापलेल्या मशीनवर ओला पंचा अंथरलेले ताट ठेवून त्याला गार राखायचे. नेरमधली वीज केव्हाही जाई, म्हणून बबनरावांनी छपाईच्या संगणकाचा इन्व्हर्टर काढून मशीनला जोडला आणि दोन ग्राहकांना ‘यंत्र बिघडलं आहे’ असे तोंडावर खोटे सांगितले. छापखाना बंद करून जाताना अंजू मशीनवरच्या दिव्याच्या लाल ठिपक्याकडे पाही. सकाळी शटर वर करताना तिचे डोळे आधी तेथेच जात. सातव्या दिवशी प्रफुल्लच्या अंगठ्याने सतराच मिनिटे साथ दिली, आठव्या दिवशी पंधरा. राहिलेली लढाई अंजूने दाबावी, असे बबनरावांनी सुचवले. प्रफुल्लने डोळे मिटून घेतले. त्याचा नकार आता तसा असे.

दहाव्या दिवशी, तीनच्या सुमारास, तो दाराशी पोचला. म्हातारी तेथे बसलेली होती. बबनराव खुर्ची ओढून पुढे आले. प्रफुल्लने अंगठा सरकवला आणि बटण दाबले.

म्हातारीने तोंड उघडले. खाली उमटले, ‘ठ आहे. क’. मग अक्षरांच्या जागी कसल्याशा चौकटी आल्या, संगीत एका सुरावर अडकले आणि पडदा काळा झाला.

मग बबनराव म्हणाले, “येईन. थांबा. येईन.” पडदा आला नाही. अंजूने मशीनला हात लावला, मग काढून घेतला, जणू न लावल्याने काही वाचले असते. अडकलेला सूर तसाच चालू होता. शेवटी तिनेच मशीन बंद केले, कारण तो सूर भावाने ऐकत बसावा हे तिला सहन होईना. प्रफुल्ल तिच्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहत होता. फळीवर तो आडवा पडला होता आणि आपोआप थरथरत होता.

पुढच्या तीन दिवसांत अंगठा थांबला. आधी जोर गेला, मग सरकणे, मग थरथरणेही.

अंजूने ते तीन दिवस फाईलीत चूक शोधण्यात घालवले आणि ती सापडली नाही. मजकूर शुद्ध होता. लांबी जुन्या फाईलीपेक्षा कमीच होती. प्रत्येक ओळ जागच्या जागी दिसत होती. ती भावाला भरवी, पुसे, कूस बदले, आणि मध्येच उठून संगणकाशी जाई. एकदा तिने रिकाम्या छापखान्यात मोठ्याने म्हटले, “मी मारलं त्याले.” प्रफुल्ल मागेच खुर्चीत होता. त्याने ऐकले की नाही, ते तिने वळून पाहिले नाही.

चौथ्या दिवशी बबनराव म्हणाले, “एकट्यानं प्रूफ वाचते कोनी? मूळ प्रत मले दे.”

छापखान्यातली जुनी पद्धत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून जुळवायचे. अंजूने दोन्ही फाईली, मूळ इंग्रजी आणि आपली, आकड्यांच्या रूपात कागदावर छापल्या. एका ओळीत सोळा जोड्या. बबनरावांना त्यातले काही कळत नव्हते, आणि म्हणूनच ते वाचक म्हणून उत्तम होते. ते खणखणीत आवाजात वाचू लागले, “चार एक. सहा पाच. दोन शून्य. हे काय मंत्र आहेत का वं? सात चार.” अंजूचे बोट आपल्या कागदावर सरके. बोलण्याचे आकडे भाषेप्रमाणे वेगळे होते, पण प्रत्येक बोलणे जेथे संपते तेथे एक ठरावीक खूण असते. मराठी बोलणे तोकडे पडले तर ते अवजार मोकळ्या जागा भरून देई, म्हणून ती खूण दोन्हीकडे आली पाहिजे, त्याच घरात.

“शून्य शून्य,” बबनराव म्हणाले. “खून आली.”

अंजूचे बोट थांबले. तिच्याकडे खूण पुढे होती. तिने घरे मोजली. दहा. पुढची खूण आली, तीही दहा घरे खाली. त्यापुढचीही.

“दहा,” ती म्हणाली. मग तिने कागदाच्या माथ्याकडे पाहिले. न, म, ओकार, मोकळी जागा, ब, उकार, द्ध, काना, य. नऊ. आणि ओळ तोडल्याचे एक.

बाकी सर्व फाईलींना आरंभी एक अनुक्रमणिका होती. कोणते बोलणे कोठून सुरू होते ते तीत लिहिलेले असे आणि ते अवजार ती नव्याने मांडून देई. तिच्या दोन शब्दांमुळे तेथे काही बिघडले नव्हते. शेवटच्या खोलीच्या फाईलीला मात्र अनुक्रमणिका नव्हती. तिची घरे खेळाच्या मूळ यंत्रणेतच कोरलेली होती. म्हातारी आपल्या घराशी गेली आणि तेथे तिला दुसऱ्याच वाक्याचे शेपूट मिळाले.

बबनरावांना हे समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. नियम त्यांचा होता.

“काढ थे,” ते म्हणाले. “राहू दे डोकं उघडं.”

तिने ते दोन शब्द काढले. काढताना आधी हात जोडले. मग उरलेल्या चार सीडींपैकी एक जाळली.

प्रश्न आता प्रफुल्लचा होता, आणि तो त्यालाच विचारायला हवा होता. त्यासाठी बबनरावांनी माळ्यावरून खिळ्यांची जुनी लाकडी केस उतरवली. शिशाची अक्षरे ठेवायचे ते उथळ खणांचे ताट. खणांवर नावे नसतात. कोणते अक्षर कोणत्या खणात, हे कंपोझिटरच्या बोटांना ठाऊक असते. प्रत्येक खणात एकेक खिळा उभा करून ते बोट फिरवत. हव्या अक्षराशी प्रफुल्ल पापणी मिटे. बटणे ताईने दाबावीत का, असे त्यांनी विचारले. अर्ध्या तासाने चार अक्षरे मिळाली.

“‘मी सांगन,’” बबनरावांनी वाचले. “हाव. तू सांग, थे दाबंन. हात तिचे, हुकूम तुहा.”

डावीकडे पाहिले तर डावीकडचे उत्तर, उजवीकडे तर उजवीकडचे, वर आणि खालीही तसेच, पापणी मिटली तर दाब. लढाईत राक्षस थांबून राही. प्रफुल्लचे डोळे एकेका हुकुमाला मिनिट घेत. अंजूने स्वतःहून एकही बटण दाबले नाही. एकदा तरुण मरायला टेकला, औषध समोर होते, तिला ते दिसत होते, तरी ती भावाच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मशीन पुन्हा दिवसरात्र चालू राहिले. चौदा दिवस लागले. मधल्या दोन दिवसांत त्याला धाप लागली. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की घेऊन या, नळी घालावी लागेल. बबनरावांनी खण पुढे केले. प्रफुल्लने ‘म’ आणि ‘ग’ दिले. मग. नंतर.

तुळशीचे लग्न होऊन गेले होते. काउंटरवर पत्रिकांची नमुनापुस्तके उलटत पार्ट्या उभ्या राहू लागल्या होत्या. पंधराव्या दुपारी म्हातारी पुन्हा समोर आली.

‘नदी कोनं चोरली?’ तिने विचारले. चार उत्तरे होती. प्रफुल्लने वाट पाहिली नाही. कोष्ट्याच्या म्हाताऱ्या बायकोने सहाव्या गावात सांगितले होते ते. दुसरा प्रश्न नावाड्याच्या मुलाच्या नावाचा. तिसरा, पाटलाने पहिल्या दिवशी काय म्हटले होते. प्रफुल्लच्या घशातून एक आवाज आला. तो हसू होता हे दोघांनाही कळले. ‘या, बसा,’ हे उत्तर त्यानेच लिहिलेले होते.

दार उघडले.

“गेला!” बबनराव उभे राहिले. “वीस सालाचा फेल पास झाला बे!”

आत बांध होता, चाक होते. तरुणाने चाक धरले. मुलीने आपले सांगायचे ते सांगितले. प्रफुल्लचे डोळे ओळीवरून ओळीवर सरकत होते. अंजूने त्या ओळी शंभरदा वाचल्या होत्या. ती त्याच्याकडेच पाहत होती.

‘मी जाऊ?’

प्रफुल्लने डावीकडे पाहिले. डावीकडे ‘थांब’ होते. त्याने पापणी मिटली. अंजूने बटण दाबले.

‘तू असंच म्हनशील, वाटलंच होतं. मी जाऊ?’

डावीकडे.

‘तू असंच म्हनशील, वाटलंच होतं. मी जाऊ?’

“चुकून होऊन राह्यलं त्याचं,” बबनराव म्हणाले. “परफुल, उजवीकडं पाय. उजवीकडं ‘जा’ आहे. तितं शेवट आहे.”

डावीकडे. अंजूने दाबले. सहाव्या वेळेनंतर बबनरावांनी केस ओढली आणि खणांवरून बोट फिरवू लागले. प्रफुल्लने त्यांना फार वेळ ताटकळत ठेवले नाही. ‘मा’, ‘ही’, ‘त’.

“माहीत आहे म्हनते,” बबनराव हळूच म्हणाले, आणि बोट खणातच राहिले.

काउंटरवरून कोणीतरी हाक मारली. दारव्ह्याची पार्टी होती. त्यांना पत्रिका आठ दिवसांत हव्या होत्या आणि ते घाईत होते. बबनराव त्यांच्याकडे गेले आणि परत आले. “अंजू, मजकूर घेऊन आले आहेत थे. तूच लागतं.”

अंजू उठली नाही. प्रफुल्लच्या छातीतून श्वासाची घरघर येत होती. पडद्यावर मुलगी उभी होती. तिच्या मागे अजून न सुटलेले पाणी होते.

“त्याईले बसवा,” ती म्हणाली.

प्रफुल्लने डावीकडे पाहिले आणि पापणी मिटली. तिने बटण दाबले.